खांदे जास्त झाले

पहिल्या बिकिनी स्पर्धेत माझा नंबर आला सातवा. स्टेजवरून उतरल्यावर एका परीक्षकांना विचारलं, सर, कुठे कमी पडले? ते म्हणाले, कमी नाही, जास्त. खांदे जास्त झालेत, पाठीत कट्स दिसतायत, या गटासाठी थोडं उतरव. मग फिजिक गटात उतरू का, म्हटलं. ते हसले. त्यासाठी फारच कमी आहे बेटा. त्या स्पर्धेत मुलींसाठी हे दोनच गट होते.

घरी येऊन चिडून वाचायला बसले. हे ‘जास्त’ ठरवलं कुणी?

आधी एक गैरसमज काढून टाकू. बिकिनी सगळ्याच गटांतल्या बायका घालतात. ‘बिकिनी’ हे गटाचं नाव आहे, आणि तो सगळ्यात कमी स्नायूंचा गट. इथे दंड फुगवून दाखवायचे नसतात. उंच टाचांवर चालत यायचं, समोरून उभं राहायचं, वळायचं, पाठमोरं उभं राहायचं. बांध्याचा तोल बघतात, त्वचा, केस, मेकअपसुद्धा बघतात. स्नायूंच्या रेषा फार उठून दिसल्या तर गुण जातात. बॉडीबिल्डिंगमध्ये नेमके त्याच रेषांचे गुण मिळतात.

ऑलिम्पिया ही या खेळातली सगळ्यात मोठी स्पर्धा. पुरुषांची 1965 ला सुरू झाली, बायकांची 1980 ला, फिलाडेल्फियात. पहिली विजेती रेचल मॅक्लिश. सडपातळ, रेखीव. तेव्हा सगळं सोपं वाटत असणार.

मग बेव्ह फ्रान्सिस आली. ऑस्ट्रेलियाची, पॉवरलिफ्टिंगमधली विश्वविजेती. 1983 मध्ये लास वेगासला एक स्पर्धा झाली, तिच्यावर ‘पंपिंग आयर्न 2: द विमेन’ ही फिल्म 1985 ला आली. मिळाली तर बघाच. बेव्हएवढे स्नायू त्या स्टेजवर दुसऱ्या कुणाकडेच नव्हते. परीक्षक एकत्र बसून वाद घालतात, तो बाईने बाईसारखं दिसावं की नाही यावर. एरवी याच खेळात जास्त स्नायू म्हणजे जास्त गुण! बेव्ह आठवी आली. मॅक्लिश तिसरी. जिंकली कार्ला डनलॅप, दोघींच्या मधली. हा निकाल वाचताना मला आमचे सर आठवले. फरक एवढाच की 1983 मध्ये मधलीला पहिला नंबर मिळाला.

बेव्हने जिद्द सोडली नाही. 1991 च्या ऑलिम्पियात ती लेंडा मरेच्या मागे फक्त एका गुणाने राहिली. पुढच्याच वर्षी ‘स्त्रीत्व’ जपण्याचे नियम आले. 2004 च्या अखेरीस आंतरराष्ट्रीय महासंघाने पत्रक काढलं: ज्यांना गरज आहे अशा महिला खेळाडूंनी स्नायू 20 टक्क्यांनी कमी करावेत. वीस टक्के मोजायचे कसे, मला अजून कळलेलं नाही.

दरम्यान एकेक नवा गट उघडत होता. ऑलिम्पियात 1995 ला फिटनेस, 2003 ला फिगर, 2010 ला बिकिनी. 2013 ला विमेन्स फिजिक आला, तो मात्र फिगरपेक्षा जास्त स्नायूंचा. बिकिनीने गर्दी खेचली, आणि ते मला समजतं. वर्षानुवर्षं वजनं उचलणाऱ्या, पण राक्षसी आकार नको असलेल्या मुलींना पहिल्यांदा स्टेज मिळालं. मीही त्यातलीच. ‘हे काय खरं बॉडीबिल्डिंग?’ म्हणणाऱ्यांनी आमच्यासोबत एक दिवस हिप थ्रस्ट मारून बघावेत.

पण या दरवाज्यांच्या रांगेत सगळ्यात जुना दरवाजा बंद झाला. आयरिस काइलने 2014 ला दहाव्यांदा मिस ऑलिम्पिया जिंकली आणि त्यानंतर ती स्पर्धाच नव्हती. 2020 ला परत आली, तेव्हा अँड्रिया शॉ जिंकली. पुरुषांतही 2013 ला मेन्स फिजिक आला, तिथेही अति स्नायूंना गुण नाहीत. मात्र त्यांची मिस्टर ऑलिम्पिया एकही वर्ष चुकलेली नाही. ज्याला फुगायचंय त्याने तिकडे जावं, एवढी साधी सोय. (आपल्याकडे पुरुष होतो ‘मुंबई श्री’ आणि बाई होते ‘मिस मुंबई’. हा विषय वेगळा, पण फार वेगळाही नाही.)

म्हणून माझी तक्रार बिकिनी गटावर नाही. 1983 ला परीक्षक ज्यावर भांडत होते, ते आता नियमात लिहिलेलं आहे. फॉर्म भरताना निदान आधी कळतं. तक्रार आहे ती त्याच्या वर चढायच्या पायऱ्या गायब असण्यावर. आमच्या स्पर्धेत मधला फिगर गटच नव्हता.

आईला हे सगळं सांगितलं. तिने शांतपणे विचारलं, “मग खांदे कमी कसे करतात गं?”

“खांद्यांचा व्यायाम बंद करून.”

“काहीतरीच!” म्हणाली आणि कुकर लावायला उठली.

मी बंद केलेला नाही. फिजिकसाठी अजून दोन-तीन वर्षं तरी लागतील. तिथे अनवाणी उभं राहतात. माझ्या त्या काचेसारख्या टाचांच्या सँडल सध्या धाकटी बहीण लग्नांना घालून जाते.