तुमचे मेडिकल रिपोर्ट एका हॉस्पिटलमधून दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये जातात कसे? आणि ते कोण बघू शकतं?

समजा, सांगलीतल्या ६० वर्षांच्या एका काकूंची तीन वर्षांपूर्वी तिथल्याच एका हॉस्पिटलमध्ये अँजिओप्लास्टी झाली आहे. आता त्या पुण्यात मुलाकडे आल्या आहेत आणि गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय. डॉक्टर विचारतात, "स्टेंट किती टाकलेत? रक्त पातळ करायची कोणती गोळी चालू आहे?" काकूंना गोळीचा रंग आठवतो, नाव नाही. फाइल सांगलीच्या कपाटात. मग शेजाऱ्यांना फोन, किल्ली, प्लॅस्टिकची पिशवी आणि एकेका कागदाचा फोटो व्हॉट्सअॅपवर.

ही धावपळ वाचावी म्हणून देशात एक डिजिटल व्यवस्था उभी राहतेय. तिचं नाव आहे आयुष्मान भारत डिजिटल मिशन. १५ ऑगस्ट २०२० रोजी याची घोषणा झाली, आधी सहा केंद्रशासित प्रदेशांत प्रयोग झाला आणि २७ सप्टेंबर २०२१ पासून ती देशभर सुरू झाली. ती राबवण्याचं काम राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरण करतं. आतापर्यंत ७० कोटींहून जास्त 'आभा' खाती उघडली गेली आहेत. पण आपल्या आजारपणाची माहिती नेमकी कुठे असते आणि कोणाला दिसते, हे त्यातल्या अनेकांना माहीत नसतं.

आभा म्हणजे आयुष्मान कार्ड का?

नाही. इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. आयुष्मान कार्डावर पात्र कुटुंबांना मोफत उपचार मिळतात, ती विम्यासारखी योजना आहे. आभा हा फक्त १४ आकडी आरोग्य क्रमांक आहे. त्यावर एक रुपयाचेही उपचार मिळत नाहीत. वेगवेगळ्या ठिकाणी पडलेले तुमचे रिपोर्ट तुमच्याच नावावर जोडणं एवढंच त्याचं काम.

आभा काढणं ऐच्छिक आहे. ते नसेल तर उपचार नाकारता येत नाहीत.

मग सगळे रिपोर्ट सरकारकडे जमा होतात का?

या व्यवस्थेत सगळ्यांचे रिपोर्ट साठवणारा एकच मोठा सर्व्हर नाही. सांगलीतला रिपोर्ट सांगलीच्या हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरमध्येच राहतो आणि लॅबचा रिपोर्ट लॅबकडे. आभाशी जोडली जाते ती फक्त नोंद, म्हणजे 'या पेशंटचे कागद आमच्याकडे आहेत' एवढी खूण.

म्हणून नुसतं आभा कार्ड काढलं की जुनी फाइल आपोआप दिसायला लागत नाही. ते हॉस्पिटल या व्यवस्थेत सामील असावं लागतं, त्यांनी रेकॉर्ड कॉम्प्युटरवर ठेवलेलं असावं लागतं आणि ते तुमच्या आभाशी जोडावं लागतं. यातलं एक जरी राहिलं, तरी काकूंची पिशवी शोधावीच लागते.

रिपोर्ट प्रत्यक्षात कसा जातो?

१. पुण्याचं हॉस्पिटल काकूंच्या आभा पत्त्यावर विनंती पाठवतं. हा पत्ता ईमेलसारखा दिसतो आणि त्याच्या शेवटी '@एबीडीएम' असतं.

२. ही विनंती काकूंच्या मोबाइलवरच्या अॅपमध्ये येते. त्यात कोण मागतंय, कशासाठी, कोणत्या प्रकारचे कागद, कोणत्या तारखांमधले आणि किती दिवसांसाठी हे लिहिलेलं असतं.

३. काकू ती मंजूर करतात, नाकारतात किंवा कमी करतात. म्हणजे 'हृदयाच्या उपचारांचे कागद घ्या, बाकीचे नकोत' असं सांगता येतं.

४. मंजुरी दिली की डिजिटल सही असलेलं संमतीपत्र तयार होतं आणि दोन्ही हॉस्पिटलांकडे जातं. सांगलीचं हॉस्पिटल ते खरं आहे का आणि मुदतीत आहे का, हे तपासतं. त्यानंतरच रिपोर्ट निघतो.

वाटेत कोणी वाचलं तर?

वाचता येऊ नये अशी सोय केलेली आहे. पुण्याचं हॉस्पिटल विनंतीसोबत एक कुलूप पाठवतं असं समजा. सांगलीचं हॉस्पिटल रिपोर्ट त्या कुलपात बंद करून पाठवतं. उघडायची किल्ली फक्त पुण्याकडे असते आणि प्रत्येक वेळी कुलूप-किल्लीची नवी जोडी वापरली जाते. संमती हाताळणाऱ्या मधल्या यंत्रणेलाही रिपोर्टमधला मजकूर दिसत नाही.

एका हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर दुसऱ्याला समजावं म्हणून रिपोर्ट 'फायर' नावाच्या आंतरराष्ट्रीय साच्यात पाठवला जातो. औषध, तपासणी, निदान असे प्रत्येकाचे रकाने ठरलेले असतात. व्हॉट्सअॅपच्या पुसट फोटोत गोळीचं नाव वाचताना होणारी चूक इथे टळू शकते.

म्हणजे सगळं सुरक्षित आहे?

वाट बरीच सुरक्षित आहे. धोका वाटेच्या दोन्ही टोकांना आहे.

पहिलं टोक म्हणजे हॉस्पिटल. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्सवर रॅन्समवेअर हल्ला झाला आणि नोंदणीपासून लॅबपर्यंतची कामं कित्येक दिवस हाताने करावी लागली. हा हल्ला आभाच्या व्यवस्थेवर नव्हता, तो हॉस्पिटलच्या सर्व्हरवर होता. पण रिपोर्ट जिथे ठेवलाय तिथली सुरक्षा कच्ची असेल, तर वाटेतल्या कुलपाचा उपयोग नाही, हे त्यातून दिसलं.

दुसरं टोक म्हणजे पेशंटची संमती. केस पेपर काढताना काउंटरवर "ओटीपी सांगा" म्हटलं की मागच्या रांगेकडे बघून आपण तो सांगून टाकतो. तो आभा काढायला होता की रिपोर्ट जोडायला, हे विचारायला कोणी थांबत नाही. २०२१ मध्ये कोविड लस घेताना आधार दाखवलेल्या अनेकांचा हेल्थ आयडी कोविन पोर्टलवर तयार झाला होता. काहींना तो लसीच्या प्रमाणपत्रावर छापलेला बघूनच कळला.

घरात एकच मोबाइल असेल तर प्रश्न आणखी नाजूक होतो. बायकोच्या गर्भपाताच्या किंवा सुनेच्या मानसोपचाराच्या कागदांसाठीचा ओटीपी नवऱ्याच्या किंवा सासऱ्यांच्या फोनवर येत असेल, तर ती संमती नक्की कोणाची? याचं उत्तर तंत्रज्ञानाकडे नाही.

कायदा काय म्हणतो?

२०११ च्या आयटी नियमांत वैद्यकीय नोंदी 'संवेदनशील' माहितीत मोडत होत्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात असा वेगळा वर्ग नाही, पण माहिती सांभाळण्यात हलगर्जी केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. माहिती हाताळणाऱ्यांच्या मुख्य जबाबदाऱ्यांसाठी त्यात १८ महिन्यांची मुदत आहे. जिवावर बेतलेल्या वैद्यकीय प्रसंगात संमतीशिवाय माहिती वापरण्याची मुभाही या कायद्यात आहे.

तुम्ही काय करू शकता?

• ओटीपी सांगण्याआधी विचारा, "हा कशासाठी आहे?" मेसेजमध्येही कारण लिहिलेलं असतं, ते वाचा.

• आभा शक्यतो स्वतःच्या मोबाइल नंबरवर काढा. आई-वडिलांचं काढून देत असाल तर त्यांना विनंती कशी दिसते ते दाखवा.

• विनंती आली की मुदत आणि तारखा बघा. एका ऑपरेशनसाठी कोणी दहा वर्षांचे सगळे कागद वर्षभरासाठी मागत असेल, तर ते कमी करा.

• अॅपमध्ये आधी दिलेल्या परवानग्यांची यादी असते. काम झालं असेल तर परवानगी मागे घ्या. डॉक्टरांनी एकदा वाचलेलं पुसता येत नाही, पण त्या परवानगीवर पुढचे रिपोर्ट जाणं थांबतं.

• महत्त्वाचे कागद अजून टाकू नका. चालू गोळ्यांची नावं आणि अॅलर्जी एका चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवा. सगळी हॉस्पिटलं जोडली जाईपर्यंत ती चिठ्ठी उपयोगी पडणार आहे.