हिंगोलीच्या व्यापाऱ्याची वही : नाणे, कर आणि वर्ष

लहान व्यापाऱ्याची वही हे इतिहासाचे साधन होय, ही जाणीव आपल्याकडे अद्याप पुरेशी रुजलेली नाही. सनदा आणि फर्माने जपली जातात. रोजकीर्द व खतावणी रद्दीत जातात. ज्या वह्या हाती लागतात त्या वाचतानाही त्यांतील आकडा स्वयंस्पष्ट आहे, असे आपण धरून चालतो. हे गृहीत किती फसवे आहे, ते हिंगोलीच्या बाजारपेठेच्या उदाहरणावरून पाहावयाचे आहे.

१ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा झालेला हा जिल्हा १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात मोडत असे. उत्तरेस लागून असलेल्या वऱ्हाडचा कारभार मात्र १८५३पासून इंग्रजांकडे होता. साहजिकच येथील व्यापाऱ्यास दोन नाण्यांशी संबंध येई : राज्याचा हाली सिक्का आणि वाशीमकडील व्यवहारातला कलदार. ‘हाली’ म्हणजे सध्याचा, चालू. ‘कलदार’ म्हणजे कळीवर, अर्थात यंत्रावर पाडलेला. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार, असा त्यांचा विनिमय ठरला होता. ही नाणी १९५०नंतरही काही काळ शेजारी शेजारी चालली आणि १९५९ साली ‘चालू’ नावाचे नाणेच चलनातून बाद झाले. समजा, एका वर्षी खात्यावर १,४०० रुपये आहेत आणि पुढे तेवढ्याच मालाचे १,२०० लिहिले आहेत. नाणे न ओळखणारा अभ्यासक येथे मंदी आली असे म्हणेल. वस्तुतः भाव तसूभरही हललेला नसतो.

नाणे बदलले, तरी वहीची परिभाषा बदलली नाही. ‘जमा’ आणि ‘बाकी’ हे मूळचे अरबी, ‘रोज’ फारसी, तर ‘नावे’ हा घरचा शब्द. शिवकालीन राज्यव्यवहारकोशाने फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. व्यापाऱ्याची ‘जमा’ तरीही ढळली नाही. १ एप्रिल १९५०पासून केंद्रीय आयकर कायदा हैदराबाद राज्यास लागू झाला व त्याच वर्षी राज्याचा सामान्य विक्रीकर कायदाही आला, तेव्हा या स्थिर शब्दांपुढे नवा प्रश्न उभा राहिला. आडत्याच्या वहीत शेतकऱ्याच्या मालाची सारी रक्कम शेतकऱ्याच्या खात्यावर जमा होते; आडत्याची कमाई केवळ आडत. जांगड दिलेला माल तर पसंत पडेपर्यंत विकलेलाच नसतो. विक्रीकर उलाढाल पाहतो, आयकर नफा पाहतो, आणि वही पाहते ती कोणाचे कोणाकडे किती येणे, एवढेच. दोघांतील विश्वासाची नोंद आता तिसऱ्यापुढे, म्हणजे सरकारपुढे, पुरावा म्हणून मांडावी लागली.

हीच गोष्ट वर्षाची. सरकारी दप्तरात फसली सन, पंचांगात शक, आणि पेढीवर दिवाळी ते दिवाळी, असा त्रिविध हिशेब येथे नांदला. दिवाळीस वही बदलण्यात धर्मभावना होती, हे खरे. परंतु त्यात व्यवहारही होता. ज्वारी-कापूस बाजारात येण्यापूर्वी वखार तुलनेने रिकामी असते व शिल्लक मालाची किंमत ठरविणे सोपे जाते. आयकर कायद्याने ही मुभा दीर्घकाळ राखली. १९८७च्या दुरुस्तीने मात्र १ एप्रिल १९८९पासून ३१ मार्च हीच अखेर सर्वांस बंधनकारक झाली. वसमतच्या हळद-व्यापाऱ्याचा ताळेबंद त्यामुळे ऐन हंगामात मांडला जातो : माल येत आहे, भाव ठरत आहे, आणि शिल्लक मोजावयाची आहे. लक्ष्मीपूजनाची वही राहिली. पण वर्ष तिच्याबरोबर बदलेनासे झाले.

तात्पर्य, वहीतील आकडा नाणे, वर्ष व प्रयोजन या तिन्हींसह वाचला तरच तो इतिहासाचा आकडा ठरतो. हे संदर्भ पुष्कळदा वहीत लिहिलेले नसतात. ते जुन्या मुनिमांच्या स्मरणात असतात. म्हणून वह्यांबरोबर त्यांची साक्षही नोंदविणे हे आपल्या विद्यार्थ्यांनी हाती घ्यावयाचे निकडीचे काम होय. वही उरली आणि ती वाचणारा गेला, तर रद्दी व साधन यांत भेद तो काय राहणार?