गहाण माग आणि तिसरा सावकार

भंडाऱ्याजवळील जवाहरनगर ही आयुध निर्माणीची वसाहत स्वातंत्र्योत्तर काळांतली. तेथील यंत्रसामग्री सरकारी मालकीची असल्यामुळें तिच्यावर कोणी सावकार टाच आणील, अशी भीति तेथील कामगारास कधीं वाटली नाहीं. परंतु त्याच्या सभोंवतालच्या मुलखांत, पवनीच्या कोष्ट्याच्या माजघरांत किंवा भंडाऱ्याच्या कासाराच्या भट्टीपाशीं, गोष्ट अगदीं निराळी होती. माग, फणी, ऐरण, भाता हेंच त्यांचें भांडवल. सूत किंवा पितळ उधार घ्यावयाचें झाल्यास तारण म्हणून दुसरें काय देणार? ह्यांतूनच तो जुना तंटा उत्पन्न होतो. माग एका सावकाराकडे गहाण आहे; किराण्याच्या उधारीसाठीं दुसऱ्यानें हुकूमनामा मिळविला आहे; आणि बेलीफ दारांत उभा राहतो तोंच तिसरा पुढें येऊन म्हणतो, “थांबा, ह्या मागावर माझाहि हक्क आहे.”

आपल्या धर्मशास्त्रकारांस हा तंटा अपरिचित नव्हता. सामान्य व्यवहारांत नंतरची कृति बलवत्तर, परंतु गहाण, दान व विक्री ह्या तिहींत पहिली कृति बलवत्तर, असा याज्ञवल्क्याचा निर्णय आहे. मात्र त्याचबरोबर त्यानें असेंहि सांगितलें कीं, गहाण सिद्ध होतें तें स्वीकारानें, म्हणजे वस्तु धनकोच्या ताब्यांत गेल्यानें. ह्या दुसऱ्या नियमांत मोठें शहाणपण आहे. दागिना सावकाराच्या पेटींत गेला म्हणजे तो ऋणकोचा उरला नाहीं, हें चारचौघांस कळतें. माग मात्र सावकाराच्या घरीं नेऊन ठेवला तर लुगडें विणावयाचें कोठें, आणि कर्ज फिटावयाचें कशानें? म्हणून माग कोष्ट्याच्याच घरीं राहतो. आणि शेजारचा वाणी तो चालता माग पाहून निःशंक मनानें उधार देतो. फसगत होते ती ह्या वाण्याची.

इंग्लंडांतहि हाच पेंच पडला होता. 1601 च्या ट्विनच्या खटल्यांत पिअर्स नांवाच्या ऋणकोकडे ट्विनचे चारशें पौंड आणि दुसऱ्या एका गृहस्थाचे दोनशें पौंड येणें होते. दुसऱ्यानें दावा लावतांच पिअर्सनें आपली सर्व चीजवस्तु गुप्तपणें ट्विनच्या नांवें करून दिली; परंतु ती राहिली त्याच्याच ताब्यांत. मेंढ्यांची लोंकर तोच कातरी व त्यांवर खूणहि आपलीच उमटवी! न्यायालयानें हा दस्तऐवज लबाडीचा ठरविला. ट्विनचें येणें खरें होतें, हें येथें ध्यानांत घेण्यासारखें आहे. येणें खरें असूनहि व्यवहार खोटा असूं शकतो.

हिंदुस्थानांत 1859 च्या दिवाणी संहितेनें अशा तिऱ्हाइतास न्यायालयाचें दार उघडें करून दिलें. जप्त झालेल्या मालावर ज्याचा हक्क असेल त्यानें हरकत घ्यावी, न्यायालयानें तिची चौकशी करावी, आणि निकाल ज्याच्या विरुद्ध जाईल त्यानें वर्षाच्या आंत स्वतंत्र दावा लावावा, अशी योजना होती. पण त्याच संहितेंत, जो प्रथम जप्ती आणील त्याचे पैसे प्रथम चुकते, असाहि नियम होता. मग धनकोंची शर्यतच लागली! ऋणको जरा अडचणींत आहे अशी कुणकुण लागतांच जो तो कचेरीकडे धांवूं लागला तर नवल नव्हे. 1877 च्या संहितेनें ही शर्यत बंद केली, आणि पैसा जमा होण्यापूर्वीं अर्ज केलेल्या सर्व हुकूमनामेदारांस आपापल्या येण्याच्या प्रमाणांत वांटा मिळूं लागला. 1908 च्या संहितेच्या 73 व्या कलमांत तेंच तत्त्व कायम राहिलें. स्वतंत्र दाव्याचा फेरा मात्र 1976 च्या दुरुस्तीपर्यंत सुटला नाहीं. तेव्हांपासून हरकतीचा निकाल त्याच न्यायालयांत लागतो व त्यास हुकूमनाम्याचें बळ असतें.

कारागिराचीं हत्यारें साध्या हुकूमनाम्याच्या जप्तींतून वगळण्याची तरतूदहि ह्याच संहितांतून आली. 1908 च्या संहितेचें 60 वें कलम कोष्ट्याच्या मागाचें रक्षण करतें तें ह्याच तरतुदीच्या आधारें. शेतकऱ्याच्या औतांस व बैलांसहि तें लागू आहे. ही सवलत उदार खरी. पण गिरणीच्या मालकास तिचा उपयोग नाहीं. तेथें निराळाच वाद माजतो: पायांत घट्ट बसविलेलें यंत्र जंगम समजावें कीं स्थावर? स्थावर ठरलें तर जमिनीच्या गहाणदारास तें मिळतें. जंगम ठरलें तर इतरांस आशा. एका बोल्टवर हजारों रुपयांचा निकाल अवलंबून राहतो. कंपन्यांपुरता एक उपाय 1913 च्या कंपनी कायद्यानें काढला. कायद्यांत सांगितलेल्या प्रकारचें गहाण एकवीस दिवसांत नोंदविलें नाहीं, तर तें इतर धनकोंविरुद्ध निरर्थक ठरे. याज्ञवल्क्यास जें ताब्यानें साधावयाचें होतें, तें येथें नोंदवहीनें साधलें. कोष्ट्याच्या मागासाठीं मात्र अशी वही नव्हती.

ह्या सर्व इतिहासांत एक धनको पुष्कळ काळ दाराबाहेरच उभा होता. तो म्हणजे यंत्र चालविणारा मजूर. त्याचा पगार थकलेला असे, पण गहाणखत त्याच्यापाशीं नसे. 1971 सालीं बँक ऑफ बिहारच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें असें ठरविलें कीं, तारण घेतलेल्या साखरेवर पहिला हक्क तारणदार बँकेचा. इतर विनातारण धनकोंस उरेल तें. कायद्याच्या दृष्टीनें हें रास्तच होतें. परंतु 10 डिसेंबर 1982 रोजीं नॅशनल टेक्स्टाइल वर्कर्स युनियनच्या प्रकरणांत त्याच न्यायालयानें, कंपनी गुंडाळण्याच्या अर्जांत कामगारांचें म्हणणें ऐकून घेतलें पाहिजे, असा बहुमतानें निर्णय दिला. 1985 सालीं कंपनी कायद्यांत कलम घालून कामगारांचें येणें तारणदार धनकोंच्या बरोबरीनें बसविलें गेलें. 2016 च्या दिवाळखोरी संहितेनेंहि, कंपनीचें विसर्जन होतांना, मागील चोवीस महिन्यांच्या वेतनापुरती ती बरोबरी राखली. पंचविसाव्या महिन्याचा पगार मात्र खालच्या पायरीवर जातो.