एक कप बटर म्हणजे किती ग्रॅम? समजून घ्या सोपा हिशेब

यूट्यूबवर परदेशी केकची रेसिपी पाहताना पहिली अडचण येते ती बटरपाशी. रेसिपीत 'एक कप' किंवा 'एक स्टिक' लिहिलेले असते आणि लासलगावच्या किराणा दुकानात बटर मिळते १०० किंवा ५०० ग्रॅमच्या पाकिटात. अंदाजाने टाकले आणि कमी पडले, तर केक कोरडा होतो. जास्त झाले, तर कुकीज ट्रेमध्ये पसरतात. घरून केकच्या ऑर्डर घेणाऱ्यांचे तर साहित्यही वाया जाते आणि गिऱ्हाईकही.

कप आणि ग्रॅममध्ये फरक काय?

कप सांगतो वस्तूने किती जागा व्यापली, ग्रॅम सांगतो तिचे वजन किती. कांद्याच्या लिलावात हा फरक रोज दिसतो. लासलगाव बाजार समितीत बोली लागते ती क्विंटलवर. ट्रॉली कितीही शिगोशीग दिसली तरी पैसे मिळतात ते काट्यावरच्या वजनाचे.

बटरचेही तसेच आहे. फ्रीजमधले कडक तुकडे कपात टाकले तर मध्ये पोकळी राहते आणि बटर कमी भरते. मऊ बटर दाबून भरले तर त्याच कपात जास्त मावते. शिवाय बटर पाण्यापेक्षा हलके असते. त्यामुळे २५० मिलीच्या कपात २५० नव्हे, तर साधारण २४० ग्रॅम बटर बसते.

लक्षात ठेवा हे आकडे

- १ अमेरिकन कप (सुमारे २३७ मिली) = २२७ ग्रॅम
- अर्धा कप किंवा १ स्टिक = ११३ ग्रॅम
- पाव कप = ५७ ग्रॅम
- १ टेबलस्पून (१५ मिली) = १४ ग्रॅम
- १ टीस्पून (५ मिली) = सुमारे ५ ग्रॅम

घरी वजनकाटा नसेल तर?

१०० ग्रॅमचे पाकीट हेच माप समजा. एक पाकीट आणि वर एक टेबलस्पून बटर घेतले की अर्धा कप होतो. दोन पाकिटे आणि दोन टेबलस्पून म्हणजे एक कप. ५०० ग्रॅमच्या वडीचे सुरीने पाच सारखे भाग केले की प्रत्येक भाग १०० ग्रॅमचा.

दुसरी युक्ती पाण्याची. मापाच्या कपात अर्ध्यापर्यंत गार पाणी घ्या. त्यात थंड बटरचे तुकडे टाका आणि ते तरंगू नयेत म्हणून चमच्याने पाण्याखाली दाबून धरा. पाणी एक कपाच्या खुणेपर्यंत चढले की आत अर्धा कप बटर आहे. मग पाणी ओतून द्या आणि बटर पुसून घ्या.

घरातला पोह्यांचा चमचा किंवा आमटीची वाटी मात्र माप म्हणून वापरू नका. प्रत्येक घरात त्यांचा आकार वेगळा असतो.

वितळवलेले बटर कसे मोजायचे?

आधी वजन करा, मग वितळवा. वितळल्यावर बटर थोडी जास्त जागा घेते, पण वजन तेवढेच राहते. उकळू मात्र देऊ नका, नाहीतर त्यातले पाणी उडून वजन घटते.

बटरऐवजी तूप किंवा घरचे लोणी चालेल?

टेबल बटरमध्ये किमान ८० टक्के स्निग्धांश असतो. उरलेल्या भागात मुख्यतः पाणी आणि थोडे मीठ. तूप जवळजवळ सगळे स्निग्धच असते. म्हणून १०० ग्रॅम बटरऐवजी सुमारे ८० ग्रॅम तूप आणि साधारण १५ मिली पाणी किंवा दूध घ्या. तूपही पाण्यापेक्षा हलके असते. एक लिटर तूप भरते सुमारे ९०५ ग्रॅम.

घरच्या लोण्यात पाणी आणि हवा किती हे दर वेळी बदलते, त्यामुळे ते कपाने मोजणे सर्वांत फसवे. ताक नीट निथळून घ्या आणि वजनच करा.

एक गोष्ट विसरू नका. परदेशी केकच्या रेसिपीत बहुधा बिनमिठाचे बटर धरलेले असते. आपले पिवळे टेबल बटर खारे असते. ते वापरणार असाल, तर रेसिपीतले वेगळे मीठ वगळा.