नॉर्डिक आडनावे व स्थलनामे

नॉर्डिक देशांतील पुष्कळशी आडनावे सहज उकलतात. ‘हान्सेन’ म्हणजे हान्सचा मुलगा. वडिलांच्या नावावरून सिद्ध होणारी अशी नावे पूर्वी पिढीगणिक बदलत. आइसलँडमध्ये ही प्रथा अद्याप रूढ आहे. वंशपरंपरागत आडनावे डेन्मार्कमध्ये १८२८ च्या राजाज्ञेने, तर नॉर्वेत १९२३ च्या कायद्याने आवश्यक ठरली. नॉर्वेतील अनेक कुटुंबांनी त्या सुमारास आपल्या शेतवाडीचे नाव आडनाव म्हणून स्वीकारले. त्यामुळे तेथील दुर्मिळ आडनावाचे मूळ शोधणे म्हणजे बहुधा त्या वाडीच्या नावाचे मूळ शोधणेच होय. मात्र हे नाव मुळात वास्तव्याचे निदर्शक होते. मालक आणि चाकर दोघेही ते लावीत व वाडी सोडल्यावर ते बदले. समान आडनावावरून समान रक्तसंबंध सिद्ध करण्याचा वंशावळकारांचा प्रयत्न म्हणूनच निराधार ठरतो.

वाडीचे नाव उकलणेही सोपे नाही. ‘विन’ (कुरण) हे प्राचीन पद कालौघात झिजून ‘एन’, ‘इन’ असे उरले. बर्गेन हे ‘ब्यर्ग्विन’ या रूपापासून आले, हे जुन्या लेखांमुळे कळते. परंतु नॉर्वेजियन भाषेत ‘एन’ हा निश्चितत्वदर्शक प्रत्ययही आहे. जुने रूप उपलब्ध नसेल, तर या दोहोंत निर्णय करणे अवघड जाते. त्यातच १८१४ पर्यंत नॉर्वे डेन्मार्कच्या राजसत्तेखाली होता व दप्तरे डॅनिश भाषेत लिहिली जात. लेखनिकांनी स्थानिक उच्चार आपल्या समजुतीप्रमाणे बदलले. ओलूफ रीग (१८३३–९९) यांच्या शेतवाड्यांच्या नावांवरील बृहद्ग्रंथाचे (१८९७ पासून प्रकाशित) महत्त्व यातच आहे. त्यात जुन्या कागदपत्रांतील रूपांबरोबर स्थानिक उच्चारही नोंदविले आहेत.

केवळ ध्वनिसाम्यावर विसंबल्यास काय होते, हे ऑस्लोच्या नावावरून दिसते. सतराव्या शतकात पेडर क्लाउसन फ्रीस याने ‘लो नदीचे मुख’ असा त्याचा अर्थ लावला. तथापि त्यापूर्वी या नावाच्या नदीचा उल्लेख आढळत नाही. शिवाय नीदारोस (नीद नदीचे मुख) या नावाप्रमाणे येथे ‘लोआरोस’ असे रूप व्हावयास हवे होते. ‘लो’ म्हणजे कुरण, हे आता सामान्यपणे मान्य आहे. पूर्वपद ‘आस’ याचे मात्र टेकडीची कड आणि देव असे दोन्ही अर्थ होतात. नगराच्या आग्नेयीस एकेबर्गची टेकडी असल्याने पहिला अर्थ आकर्षक वाटतो, पण त्याने दुसरा खोडला जात नाही.