यंदा जुनीच गाणी जिंकली

वर्ष संपत आलं की आम्हा रॉकवेड्यांचा एक उद्योग असतो. कुठला अल्बम भारी, कुठल्या जुन्या अल्बमची नवी आवृत्ती घ्यावी, याची यादी करायची. पत्रकारितेचा डिप्लोमा करताना लागलेलं हे खूळ चाळिशी उलटली तरी गेलं नाही. 2023 ची यादी मात्र लिव्हरपूलहून निघाली आणि वाई तालुक्यात पसरणीला पोचली. कशी ते सांगतो.

माझा पहिला नंबर बीटल्सच्या 'नाऊ अँड देन'ला. 2 नोव्हेंबरला आलं. जॉन लेननने सत्तरच्या दशकाच्या शेवटी घरी पियानोवर बसून हे गाणं साध्या कॅसेटवर भरून ठेवलं होतं. 1980 ला त्याचा खून झाला. 1995 ला उरलेल्या तिघांनी ते पुरं करायला घेतलं, पण पियानोत आवाज बुडत होता म्हणून सोडून दिलं. 2001 ला जॉर्ज हॅरिसनही गेला. आता संगणकाने लेननचा आवाज पियानोपासून सुटा केला, जॉर्जची 1995 ची गिटार घेतली, बाकीचं पॉल आणि रिंगोने भरलं. दोघं हयात, दोघं नाहीत, तरी बँड पुन्हा एकत्र!

दुसरा नंबर आपल्या मातीतला. 'जय जय महाराष्ट्र माझा'. शब्द राजा बढे, संगीत श्रीनिवास खळे, आवाज पसरणीच्या शाहीर साबळेंचा. गाणं आपल्या लहानपणापासूनचं, पण राज्यगीत झालं यंदा. 31 जानेवारीला मंत्रिमंडळाने ठरवलं, 19 फेब्रुवारीला शिवजयंतीपासून लागू. तीनपैकी दोनच कडवी घेतली. हेही एका अर्थी पुनर्प्रकाशनच की! त्यात हे शाहिरांचं जन्मशताब्दी वर्ष. नातू केदार शिंदेंचा 'महाराष्ट्र शाहीर' एप्रिलअखेर आला, आणि ज्यांनी कधी डफ हातात धरला नाही ती पोरं शाहीर कोण म्हणून विचारू लागली.

तिसरा नंबर मिरजेचा. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मूळचे कैरानाचे, पण मिरजेत राहिले आणि मिरजेतच दर्ग्याच्या आवारात विसावले. 1937 ला ते गेले. त्यांच्या 78 च्या तबकड्या, एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. तासभर राग मांडणारा माणूस तीन मिनिटांत काय देऊन गेला ते ऐकाच. पोरवयातल्या भीमसेन जोशींनी गदगला त्यांची रेकॉर्ड ऐकली आणि गाण्यापायी घर सोडलं. त्याच तबकड्या पुढं एलपी, कॅसेट, सीडीवर आल्या, आज मोबाईलवर आहेत. यंदा मी सगळ्यात जास्त ऐकलं ते हेच.

आता मुद्द्याचं. या तिन्हींत सारखं काय? कुणीतरी मूळ प्रत जपली. लेननची कॅसेट योको ओनोने जपली नसती तर जगातला कुठलाही संगणक काय करणार होता?

आमच्या घरीही एक कॅसेट होती. वडिलांनी जत्रेत टेपरेकॉर्डर घेऊन जाऊन भरलेली. गावातल्या एका शाहिराचा पोवाडा, मागं तुणतुणं, मधेच कुणाचं तरी पोरगं रडतंय. त्या शाहिराची तबकडी कधी निघाली नाही. 2019 च्या महापुरात सांगलीच्या घरात पाणी शिरलं. आम्ही कागदपत्रं, गॅस, टीव्ही वर चढवला. कॅसेटची पेटी खालीच राहिली. पाणी उतरल्यावर चिखलातून काढली, तर फीत हातात तुटली. तो आवाज आता कुठंच नाही. चूक पुराची नव्हे, आमची. चार वर्षांपूर्वी ती मोबाईलवर उतरवून घ्यायला अर्धा तास लागला असता.

आपले दोन्ही जिल्हे मुळात एकच. 1949 ला दक्षिण सातारा वेगळा झाला, 1960 ला त्याचं नाव सांगली पडलं. पठ्ठे बापूराव रेठरे हरणाक्षचे, अण्णा भाऊ साठे वाटेगावचे, साबळे पसरणीचे. एवढी गाती माती आहे. यांची नावं तरी राहिली. पण गावोगावच्या भजनी मंडळांचे, गोंधळ्यांचे, तमाशातल्या बायांचे आवाज तुमच्या-आमच्या माळ्यावरच्या पेट्यांत आहेत, नाहीतर भंगारात किलोवर गेलेत.

तेव्हा मंडळी, या रविवारी माळ्यावर चढा. जुनी कॅसेट सापडली तर आधी ती ऐका, मोबाईलवर उतरवा, आणि कोण गातंय, कुठल्या गावात, कुठल्या साली, एवढं कागदावर लिहून ठेवा. घरातली म्हातारी माणसं आहेत तोवर विचारून घ्या. पुढच्या वर्षीच्या यादीत मला तुमच्या गावचं नाव लिहायचंय.