ग्वांगझौच्या मुक्कामात झालेले आईबाप

1955 च्या ऑक्टोबरात ओरेगॉनचे शेतकरी हॅरी होल्ट कोरियातून बारा मुलं घेऊन पोर्टलंडच्या विमानतळावर उतरले. त्यांतली आठ त्यांनी स्वतः दत्तक घेतली होती, चार इतर घरांसाठी होती. पुढे कित्येक वर्षं कोरियन बाळं अशीच परदेशी गेली. सोबतीला कुणीतरी नेमलेलं माणूस, मांडीवर बाळ, आणि नवे आईबाप तिकडच्या विमानतळावर वाट बघत उभे. बाळाचा कुणी विचारच केला नव्हता. एका दिवसात त्याच्याभोवतीची माणसं, वास, भाषा, दिवसरात्र सगळंच बदलून जाई.

भारतातही हे दुखणं होतं. लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी 1982 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. परदेशी दत्तकाच्या नावाखाली तान्ह्या मुलांना जीव धोक्यात घालणारे लांबचे प्रवास करावे लागतात, ही त्यातली एक मुख्य तक्रार होती. त्या पत्राचीच याचिका झाली आणि 1984 मध्ये न्यायमूर्ती भगवतींनी परदेशी दत्तकासाठी नियम घालून दिले.

चीनने मात्र सुरुवातीलाच वेगळी अट घातली. तिथला दत्तक कायदा 1 एप्रिल 1992 पासून लागू झाला. दत्तक घेणाऱ्या परदेशी जोडप्यातल्या एकाने तरी जातीने चीनमध्ये यायचं, असं ठरलं. एकच मूल हा सरकारी नियम आणि तो मुलगाच हवा हा घरचा हट्ट, या कात्रीत सापडलेल्या घरांनी बाजारात, दवाखान्याच्या दारात, अनाथालयाच्या फाटकाशी ठेवलेल्या मुलींनी अनाथालयं तेव्हा भरत चालली होती. पुढच्या तीन दशकांत 1,60,000 हून अधिक मुलं परदेशी घरांत गेली, त्यांतली निम्मी अमेरिकेत. अटीमागे सरकारचा हेतू कागदोपत्रीच असेल, पण तिच्यामुळे बाळाच्या वाट्याला एक मोठी गोष्ट आली. नव्या माणसांशी त्याची गाठ त्याच्याच मुलखात पडू लागली आणि सवय व्हायला थोडे दिवस मिळाले.

प्रवासाचा साचा ठरून गेला होता. दहाबारा कुटुंबांचा गट आधी प्रांताच्या राजधानीत जाई: चांगशा, नानचांग, नाननिंग. तिथल्या हॉटेलच्या दालनात किंवा सरकारी कचेरीत नावं पुकारली जात आणि सांभाळणाऱ्या बायका एकेक बाळ हातात देत. अनाथालयाला 3,000 डॉलरची देणगी द्यायची, बहुधा करकरीत नव्या नोटांत. सह्या, अंगठे, फोटो. मग मुलाचा पासपोर्ट येईपर्यंत हॉटेलच्या खोलीत थांबायचं.

खरी कसोटी त्या खोलीत होई. बाळाच्या अंगावर कपड्यांचे चारपाच थर असत. बाटलीच्या निपलचं भोक मोठं कापलेलं असे, कारण अनाथालयात दूध भराभर पाजायची सवय; नव्या आईने घरून आणलेल्या बाटलीतून ते थेंबथेंब येई आणि बाळ चिडून तोंड फिरवी. दूध कोमट नको, चांगलं गरम हवं, हेही कुणीतरी सांगितल्यावरच कळे. मऊ भाताची पेज बहुतेकांना चाले. टबात बसवलं की काही बाळं किंचाळत. ज्यांनी पुरुष फारसे पाहिलेलेच नव्हते अशी कित्येक बाळं बापाने उचललं की आकांत करत. काहींचं याच्या उलट, बापाला घट्ट धरून आईकडे बघायलाही तयार नाहीत. ज्या बाईने वर्षाच्या मुलीला हातात घेण्यासाठी वर्षानुवर्षं वाट पाहिली, तिने ते कसं सोसलं असेल!

आणि काही बाळं अजिबात रडत नसत. शहाणं बाळ म्हणून त्यांचं कौतुक व्हायचं. जाणकार मात्र नव्या आईबापांना बजावत की ते गप्प राहणं धसक्यातूनही येतं, आणि मोठ्याने रडणारं बाळ जिच्यासाठी रडतंय त्या दाईवर त्याचा जीव होता. ज्याला एकदा जीव लावता आला, त्याला पुन्हा लावता येतो.

अमेरिकन कुटुंबांचा शेवटचा टप्पा ग्वांगझौ. अमेरिकेचा दत्तक व्हिसा फक्त तिथल्या वकिलातीतून मिळे, आणि त्या काळात वकिलात होती शामियान बेटावर, एकेकाळच्या ब्रिटिश-फ्रेंच वसाहतीत, पर्ल नदीच्या काठी. शेजारीच 1983 मध्ये उघडलेलं व्हाइट स्वान हॉटेल. बाळाची तपासणी तिथल्याच दवाखान्यात, मग वकिलातीत हात वर करून शपथ. मधले दिवस वडांच्या सावलीत बाबागाडी ढकलण्यात जात. दुकानदार ती गाडी फुकट वापरायला देत, कपडे धुऊन देत, बाळाला चिनी भाषेत हाका मारत. हॉटेलच्या लाल सोफ्यावर गटातल्या सगळ्या मुलींना रेशमी कपड्यांत ओळीने बसवून फोटो काढायची प्रथाच पडली. मॅटेल कंपनीने या पाहुण्यांसाठी कडेवर चिनी बाळ असलेली बार्बी काढली होती. या गमतीजमतींत एक मोलाची गोष्ट घडत होती: दिवसभर तेच दोन हात, त्याच वेळी दूध, तीच कूस. शिवाय सगळे आईबाप एकाच वेळी नवशिके असल्याने एकमेकांना धीर देत.

जॉन बोल्बी यांनी 1951 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालात मायेच्या एका स्थिर माणसाची गरज ठासून मांडली होती. पुढे रोमानियाच्या अनाथालयांतून ब्रिटनमध्ये गेलेल्या मुलांचा मायकेल रटर यांनी दीर्घ अभ्यास केला. त्यात सहा महिन्यांच्या आत घर मिळालेली मुलं बहुतांशी सावरली. त्याहून अधिक काळ आबाळ सोसलेल्या अनेकांना अडचणी पुढेही राहिल्या. म्हणजे हॉटेलातल्या पंधरवड्याने सगळं भरून येत नसे. ती सुरुवात होती.

या प्रेमाला काळी बाजूही आहे आणि ती झाकून चालणार नाही. 2005 मध्ये हुनानच्या हेंगयांग भागातली अनाथालयं पैसे मोजून बाळं विकत घेत असल्याचं उघड झालं. सापडलेली म्हणून नोंदवलेली काही मुलं विकत आणलेली होती. आज मोठ्या झालेल्या मुलींतल्या कित्येक जणी डीएनए चाचण्या करून चीनमधलं आपलं रक्ताचं माणूस शोधताहेत, आणि तो त्यांचा हक्कच आहे.

2020 च्या साथीत चीनने हे प्रवास थांबवले. 5 सप्टेंबर 2024 रोजी परराष्ट्र मंत्रालयाने जाहीर केलं की परदेशी दत्तक कायमचं बंद. जवळच्या नात्यातलं किंवा सावत्र मूल घेणाऱ्यांनाच सूट. तेव्हा अमेरिकेतली शेकडो कुटुंबं साथीच्या आधीपासून थांबली होती. त्यांना मुलं नेमून मिळाली होती, फोटो हाती आले होते. त्यांतली बरीच मुलं विशेष गरजा असलेली होती, आणि साडेचार वर्षांत ती मोठी झाली होती.